हिरव्या दगडातला भुंगा

आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील इजिप्तच्या दालनांत माझा बहुतेक वेळ ममींपुढच्या गर्दीऐवजी ताईतांच्या कपाटांपुढेच गेला. प्राचीन इजिप्तचा राजा सोबेकेमसाफ याचा हृदय-भुंगा, म्हणजे ममीच्या हृदयावर ठेवायचा भुंग्याच्या आकाराचा ताईत, हिरव्या जास्पर दगडाचा असून सोन्याच्या कोंदणात बसवलेला आहे, आणि त्याला चक्क माणसाचा चेहरा आहे. कोंदणावरच्या मंत्रात, मृत्यूनंतरच्या निवाड्याच्या वेळी हृदयाने आपल्याच धन्याविरुद्ध साक्ष देऊ नये, अशी विनवणी आहे. (स्वतःच्या हृदयाचाही भरवसा नव्हता म्हणायचा!)

'मृतांच्या ग्रंथा'त, म्हणजे परलोकातल्या प्रवासासाठीच्या मंत्रसंग्रहात, कोणता ताईत कशाचा घडवावा हेही सांगितले आहे: देवी इसिसच्या गाठीच्या ताईतासाठी लाल जास्पर, स्थैर्याचे चिन्ह असलेल्या जेद स्तंभासाठी सोने. प्रत्यक्षात मात्र सर्वाधिक दिसतात ते फायन्सचे, म्हणजे कुटलेल्या गारगोटीत थोडा चुना व क्षार मिसळून भाजलेले आणि तांब्यामुळे निळसर-हिरवे झालेले ताईत, कारण आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणारा लाजवर्द हा निळा दगड फार थोड्यांना परवडत असणार. मला हे फायन्सचेच अधिक आवडले; होरस देवाच्या डोळ्याच्या एका नखाएवढ्या ताईतावर झिलई भुवईच्या खाचेत साचून गडद झाली होती. गंमत म्हणजे एवढी कारागिरी ममीच्या कापडी आवरणांच्या थरांत गुंडाळून टाकायचीच होती; तुतनखामुनच्या ममीवरचे ताईतही १९२५ मध्ये तसेच थराथरांतून निघाले.