आमची वाटचाल: दोन स्वस्त ट्रान्सफॉर्मरवर उभा राहिलेला धंदा

२००४ साली कराडात रेडिओ-टेप दुरुस्तीचं टेबल टाकलं, तेव्हा ॲम्प्लिफायर बनवायचा विचारही डोक्यात नव्हता. आळीतल्या भजनी मंडळाचा जुना ॲम्प जळाला, नव्याला पैसे नव्हते. बुवा म्हणाले, "तूच कर की रे काहीतरी."

सर्किट अवघड नव्हतं. टीडीए ७२९४ ही ॲम्प्लिफायरची आयसी, म्हणजे तयार चिप, घ्यायची ठरली. अडलं ते ट्रान्सफॉर्मरवर. या आयसीला प्लस-मायनस असा दुहेरी सप्लाय लागतो, म्हणजे ट्रान्सफॉर्मर २४-०-२४ चा: मधली वायर शून्य, तिच्या दोन्ही बाजूंना २४-२४ व्होल्ट. तो ऑर्डर देऊन वाइंडिंग करून घ्यायचा, तर मंडळाची सगळी वर्गणी त्यातच जायची. उलट पुण्यात तपकीर गल्लीत १२-०-१२, ५ ॲम्पिअरचे तयार नग स्वस्तात मिळत. मधली वायर स्लीव्ह घालून मोकळी सोडली की टोकाटोकाला २४ व्होल्ट. असे दोन सिरीजमध्ये जोडायचे, सांधा तो शून्य. कागदावर झाला २४-०-२४.

टेबलावर जोडून मल्टिमीटर एसीवर लावला. ४८ यायला हवे होते, आला जेमतेम अर्धा व्होल्ट. एक नग मेलेला निघाला असं समजून दोन्ही पिशवीत घातले आणि पुन्हा पुण्याची एसटी धरली. दुकानदाराने दोन्ही वेगवेगळे मोजून दाखवले, ठणठणीत. मग काही न बोलता एकाची दोन टोकं अदलाबदल केली. ४८! एकाची लाट चढताना दुसऱ्याची उतरत होती, दोघं एकमेकांना खाऊन टाकत होते. वर चहाही त्यानेच पाजला.

पुढे ही भानगडच मिटवली. प्रत्येक ट्रान्सफॉर्मरला एसीचा डीसी करणारा स्वतःचा ब्रिज (चार डायोड), तो डीसी सपाट करणारा स्वतःचा कॅपॅसिटर, आणि एकाचा डीसी प्लस दुसऱ्याच्या मायनसला. मग एसीची टोकं कशीही लागोत. डायोडमध्ये एखादा व्होल्ट जास्त जातो, जाऊ दे. करंट वाढवायला समांतर जोडू का, असं शिकाऊ पोरं विचारतात. तिथे टोक चुकलं तर मीटरवर शून्य दिसायची वाट बघावी लागत नाही, आधी धूर दिसतो.

खरा दणका बसला एका गावच्या सप्ताहात. दिवसभर ॲम्प छान चालला. मध्यरात्री गिरण्या-मोटारी बंद झाल्या आणि २३० ची लाइन २५५ व्होल्टवर चढली. बिनलोडाचा ट्रान्सफॉर्मर तसाही २४ च्या जागी २६ देतो; त्यात ही चढती लाइन. एसीचा डीसी होताना आकडा साधारण १.४ पट होतो, त्यामुळे प्रत्येक बाजूचा डीसी ४० ला टेकला, आणि त्या आयसीची हद्दच ४०. ऐन कीर्तनात कॉलम, म्हणजे उभे स्पीकर, गप्प.

तेव्हापासून आम्ही ९-०-९ चे नग वापरतो. पॉवर ५० वॅटवरून २५ वर आली. मी धास्तावलो होतो, पण मांडवात कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण पॉवर निम्मी झाली तरी आवाज ३ डेसिबलनेच उतरतो. भांडणं होतात ती पाटीवरच्या आकड्यावरून. शेजारचा म्हणे हजार वॅट लिहितो. लिहू दे.

आता शेड आहे, आम्ही चौघं आहोत, टोरॉइडल, म्हणजे गोल कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मरही मागवता येतो. तरी भजनी ॲम्पमध्ये अजून दोन साधे ट्रान्सफॉर्मरच टाकतो. टोरॉइडल गेला तर अख्खा ॲम्प आमच्याकडे पाठवावा लागतो. ९-०-९ तालुक्याच्या दुकानात मिळतो.

गेल्या श्रावणात पाटणकडून फोन आला, ॲम्प मुका. विचारलं, "वास येतोय का?" येतोय. "डावीकडचा ट्रान्सफॉर्मर पोळतोय?" पोळतोय. एक बाजू गेल्यावर कॉलमवर डीसी जाऊन कॉईल जळते, पण रिलेने, म्हणजे आपोआप तुटणाऱ्या स्विचने, वेळेत तोडलं होतं. म्हटलं, बाजारातून नवा आण, चार वायरी जोडायच्या आणि मधली झाकायची, आधी प्लग काढ. संध्याकाळी त्या पोराने फोन स्पीकरवर टाकून हरिपाठ ऐकवला. पेटी बेसूर होती, पण ते आमच्या वॉरंटीत बसत नाही.