ताप कुणी विचारलाच नाही

साठीच्या आसपासचे काका. उजवा डोळा चार दिवस लाल, दुखरा, नजर धूसर. आधीच्या डॉक्टरांनी युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतली सूज) समजून स्टेरॉइडचे थेंब दिलेले. मधुमेह जुना. डोळ्याचं ऑपरेशन कधी नाही, मार नाही.

स्लिट लॅम्पखाली (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) कॉर्नियामागे, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यामागे, तळाशी पुवाची आडवी रेघ. रेटिना, म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा, दिसेचना. बी-स्कॅनमध्ये, म्हणजे डोळ्याच्या सोनोग्राफीत, व्हिट्रियस (डोळ्यातला जेलीसारखा द्रव) गच्च गढूळ. जंतूंना बाहेरून शिरायला वाटच नव्हती, म्हणजे ते रक्तातून आलेले. तेव्हा कुठे मी विचारलं, "काकू, यांना ताप येतो का?"

"आठवडा झाला, थंडी वाजून येतो. त्याची औषधं दुसऱ्या डॉक्टरांची चालू आहेत. डोळ्याच्या दवाखान्यात ताप कशाला सांगायचा, असं वाटलं."

तापाची फाईल एकीकडे, डोळ्याची दुसरीकडे. दोन्ही डॉक्टरांपैकी कुणी दुसऱ्या तक्रारीबद्दल विचारलं नव्हतं. याची चीड अजून जात नाही.

लगेच टॅप घेतला, म्हणजे तपासणीसाठी सुईने थोडं व्हिट्रियस काढलं. लिंबसपासून, म्हणजे कॉर्नियाच्या कडेपासून, ४ मिलिमीटर मागे सुई, टोक डोळ्याच्या मध्याकडे. ओढायचं ते जेमतेम ०.२ मिलिलिटर, पण अशा डोळ्यातलं व्हिट्रियस दाट असतं, सुईत अडकतं, आणि जोराने ओढलं तर रेटिनाला ताण बसतो. मग डोळ्यात दोन अँटिबायोटिक: व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी ०.१ मिलिलिटरमध्ये. एकाच सिरिंजमध्ये भरली तर साका धरतो, म्हणून सिरिंज वेगळ्या. सिस्टरांनी त्या घाईतही दोन्हींवर नावं लिहून ठेवली होती. अशी माणसं हाताशी असली की निम्मा धीर येतो.

पण डोळ्यात औषध सोडून मूळ थोडंच जातं? फिजिशियनना फोन केला, रक्तातले जंतू शोधायला ब्लड कल्चर पाठवलं, शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं, पोटाची सोनोग्राफी झाली. यकृतात मोठं गळू निघालं. कल्चरमध्ये क्लेबसिएला हा जंतू. मधुमेह, यकृतातलं गळू आणि डोळा ही साखळी पुस्तकांत आहे. मी ती परीक्षेत लिहूनही आलो होतो. गळवात नळी घालून पू काढला, दुसऱ्या दिवशी मी व्हिट्रेक्टॉमी (व्हिट्रियस काढायचं ऑपरेशन) केली.

काका वाचले. त्या डोळ्याला आता डोळ्यासमोर हलवलेला हात तेवढा कळतो. डाव्या डोळ्यात काही उतरलं नाही ना, हे मी प्रत्येक भेटीत बघतो.

परवा त्यांनी विचारलं, "ताप आधीच सांगितला असता तर डोळा राहिला असता का हो?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो, आणि ते खरंच आहे. या जंतूपुढे वेळेत उपचार होऊनही डोळे जातात. पण सांगण्याचं काम तुमचं नव्हतं, विचारण्याचं आमचं होतं, हे बोलायचं राहून गेलं. पुढच्या तपासणीला आले की सांगणार आहे, काकूंच्या समोर.