बुडबुडे कुठं गेले?

माझ्या काकांच्या नाकातल्या मधल्या पडद्याला भोक पडलंय. वाळूजमधल्या एका प्लेटिंग शॉपमध्ये, म्हणजे धातूचा मुलामा चढवण्याच्या कारखान्यात, त्यांनी १९ वर्षं क्रोमच्या टाकीवर काढली. टाकीत गडद तांबडं क्रोमिक ॲसिड, वर सतत उडणारा फवारा आणि तोंडाला बांधलेला रुमाल. मास्क मागितला की "उद्या आणू". आता फोडणी करपली तरी काकांना वास येत नाही.

एमएस्सी करताना त्या फवाऱ्याचं कारण कळलं. क्रोमच्या टाकीत सोडलेल्या विजेतली फार थोडी क्रोम बसवण्यात खर्च होते, बरीचशी पाणी फोडण्यातच जाते. जॉबवर, म्हणजे क्रोम चढवायच्या वस्तूवर, हायड्रोजन सुटतो, त्याचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि फुटताना ॲसिडचे बारीक थेंब हवेत उडवतात. काकांचं नाक त्या थेंबांनी खाल्लं. आयनिक द्रवांकडे मी वळले ती यामुळे.

आयनिक द्रव म्हणजे शंभर अंशांच्या आत वितळणारं मीठ. त्यात पाणीच नसतं, मग ते फुटून बुडबुडे कुठून येणार? हर्ली आणि वीयर यांनी १९५१ मध्ये अशा मिठातून ॲल्युमिनियमचा थर चढवून दाखवला होता. पाण्यातून तो चढतच नाही, आधी हायड्रोजनच सुटतो. आज सिलिकॉन आणि जर्मेनियमसुद्धा आयनिक द्रवांतून बसवतात. पण ॲल्युमिनियमच्या त्या द्रवात ॲल्युमिनियम क्लोराइड असतं आणि त्याला ओल अजिबात चालत नाही. मागच्या जुलैत मी बाटलीचं झाकण नीट लावलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडली तर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा पांढरा धूर. सगळं वाया गेलं, आणि त्याचे पैसे मीच भरले होते.

म्हणून सध्या माझं काम कोलिन क्लोराइडवर चालतं. कोंबडीच्या खाद्यात घालतात तेच. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातल्या ॲबट यांच्या गटाने २००३ मध्ये ते युरियात मिसळलं. कोलिन क्लोराइड वितळतं ३०२ अंशांना, युरिया १३३ ला, आणि एकास दोन मोल (म्हणजे वजनाच्या नव्हे, कणांच्या संख्येच्या हिशोबानं) मिसळले की मिश्रण १२ अंशांनाच द्रव! युरिया क्लोराइडला हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतो, त्यामुळे स्फटिकाची घडी बसतच नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी त्रिसंयुजी, म्हणजे कमी विषारी, क्रोमियमच्या मिठापासून गडद हिरवा द्रव केला आणि त्यातून बिनभेगांचं क्रोम बसवलं. त्या मिठाच्या स्फटिकातच पाणी बांधलेलं असतं, म्हणजे पाणी पूर्ण जात नाही. पण काकांच्या टाकीतल्या ॲसिडात असायचं ते विषारी सहासंयुजी क्रोमियम जातं, आणि मला तेच हवंय.

गेल्या रविवारी काका विद्यापीठात आले. मी १४ ग्रॅम कोलिन क्लोराइड आणि १२ ग्रॅम युरिया ८० अंशांवर ढवळत होते.

"काय शिजवायलीस माय?"

"युरिया आहे काका."

"म्हणजे आपल्या कापसाला टाकतो तोच?"

हळूहळू दाणे विरघळले आणि एरंडेलासारखा दाट, नितळ द्रव झाला. त्यात झिंक क्लोराइड घातलं, तांब्याची पट्टी सोडली, वीज सोडायचा रेक्टिफायर चालू केला. काकांचा हात सवयीनं खिशातल्या रुमालाकडे गेला. मग ते बीकरवर वाकले, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.

"बुडबुडे कुठं गेले?"

पट्टीवर राखाडी जस्त चढत होतं. चकाकी नव्हती. द्रव पट्टीला इतका चिकटला की धुवायला दोन बादल्या पाणी लागलं. वाळूजमध्ये एवढं पाणी रोज कोण देणार, हे काकांनीच विचारलं. आता दाटपणा कमी करायला युरियाच्या जागी एथिलीन ग्लायकॉल घेऊन बघतेय.