बफर कुठे ठेवायचा, हे कुठे लिहायचं?

चाकणच्या एका कारखान्यात मशीनचं व्हायब्रेशन मोजणाऱ्या आमच्या बॉक्सने मोटारीचं बेअरिंग खराब झाल्याचा इशारा दिला. त्यांनी मशीन बंद ठेवून बेअरिंग बदललं, तरी इशारा तसाच. जुनं बेअरिंग मेंटेनन्सच्या साहेबांनी आमच्यासमोर टेबलावर ठेवलं. त्यात काहीही दोष नव्हता. "अहो, तुमचा बॉक्स खोटं बोलतोय," एवढंच ते म्हणाले, आणि ते खरं होतं.

मी पुण्यात एम्बेडेड लिनक्सवर ड्रायव्हरचं, म्हणजे हार्डवेअर आणि लिनक्स यांना जोडणाऱ्या कोडचं, काम करतो. बाहेरच्यांना वाटतं आम्ही दिवसभर कोड लिहितो. खरं तर बहुतेक वेळ दुसऱ्याचा कोड आजवर कसा काय चालला, हे समजून घेण्यात जातो. हा ड्रायव्हरही वारशाने आलेला: कंपनी सोडून गेलेल्या कुणीतरी चिप बनवणाऱ्यांच्या अ‍ॅप्लिकेशन नोटमधलं उदाहरण उचलून लिहिला होता, आणि लॅबमध्ये त्याने कधी कुरकूर केली नव्हती.

बॉक्समध्ये व्हायब्रेशन मोजणारा सेन्सर आहे, तो एसपीआय नावाच्या बसवरून (चिपा जोडणाऱ्या तारांवरून) आर्म-६४ प्रोसेसरच्या बोर्डाला जोडलेला. पहिल्यांदा तारेवर सिग्नल टिपणारा लॉजिक अ‍ॅनालायझर लावला. तारेवरचा प्रत्येक बाइट बरोबर. मेमरीत बघितलं, तर अधूनमधून ब्लॉकच्या शेवटचे काही बाइट जुनेच. तपासासाठी ड्रायव्हरच्या स्ट्रक्टमध्ये (मेमरीत एकापुढे एक ठेवलेल्या फील्डांच्या गठ्ठ्यात) एक जादा फील्ड घातलं की दोष गायब, काढलं की हजर. अशा वेळी ‘टायमिंगचा प्रॉब्लेम आहे’ म्हणत एक डिले टाकून घरी जाणारे लोक या धंद्यात ढिगाने आहेत. त्यांचे डिले नंतर आम्ही उपसत बसतो.

सेन्सरचा डेटा मेमरीत जिथे येऊन पडतो, त्या बफरचे पत्ते मी छापून घेतले. खराब बाइट नेहमी ६४ने भाग जाणाऱ्या एका पत्त्यापासून बफर संपेपर्यंतचे. या प्रोसेसरची कॅश लाइन, म्हणजे मेमरीतून स्वतःजवळच्या कॅशमध्ये तो एका वेळी उचलतो तो तुकडा, ६४ बाइटांची. मग पुढचं सांगायला कुणी लागलं नाही.

स्ट्रक्टमध्ये वाचनाचा बफर मधोमध होता आणि त्याला लागून इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेल्या हाका) मोजणारा काउंटर. बफरचं शेपूट आणि काउंटर एकाच कॅश लाइनमध्ये. या बोर्डावर डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवणारं हार्डवेअर, थेट मेमरीत लिहितो, प्रोसेसरच्या कॅशला त्याची खबर नसते. म्हणून ट्रान्सफरच्या आधी आणि नंतर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बफरच्या कॅश लाइन्स रद्द करतो. पण मधल्या वेळात इंटरप्ट येऊन काउंटर वाढला, की ती अख्खी लाइन कॅशमध्ये येते, शेपटाचे जुने बाइट सोबत घेऊन. ती लाइन मेमरीत परत लिहिली गेली, की डीएमएने नुकत्याच आणलेल्या बाइटांवर जुने बाइट बसले.  चाळीच्या गॅलरीत दोन घरांनी एकाच दोरीवर कपडे घालावेत आणि एकाने काढताना दुसऱ्याचेही न्यावेत, तसा कारभार. आमच्या लॉगमध्ये हेच सापडलं.

लॅबमध्ये हे का दिसलं नाही? एसपीआय कंट्रोलरचा ड्रायव्हर छोट्या ट्रान्सफरसाठी डीएमए वापरतच नाही, प्रोसेसरच कंट्रोलरच्या फिफोमधून (छोट्या रांगेतून) बाइट उचलतो. लॅबमध्ये आम्ही थोडे थोडे सॅम्पल वाचायचो. चाकणला सॅम्पलिंग वाढवलं, एका वेळचा ब्लॉक मोठा झाला आणि डीएमए सुरू झाला. कर्नलची तपासणीची हत्यारंही इथे आंधळी. स्टॅकवरचा (फंक्शन चालू असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीतला) बफर डीएमएला दिला तर डीएमए-डीबग ओरडतो, मेमरीची हद्द ओलांडली तर कासान पकडतो. इथे बफर हीपवर, म्हणजे गरजेनुसार मागवलेल्या मेमरीत, होता आणि हद्द कुणीच ओलांडली नव्हती.

दुरुस्ती अगदी किरकोळ: बफर स्ट्रक्टच्या शेवटी नेला आणि त्याला डीएमएपुरती अलाइनमेंट दिली, म्हणजे तो नव्या कॅश लाइनपासूनच सुरू होईल असं केलं. सेन्सरांच्या आयआयओ सबसिस्टममध्ये २०२२पासून नेमक्या याच कामासाठी एक मॅक्रोच आहे. आमचा कर्नल ५.१५, म्हणजे त्याच्या आधीचा.

पण मला छळतोय तो पुढचा भाग. हे सगळं लिहिलेलं होतं. कर्नलच्या डीएमए हाउ-टूमध्ये, कोणती मेमरी डीएमएला चालते या भागात, बफर कॅश लाइनला अलाइन ठेवा, नाहीतर डेटा बिघडेल, असं स्वच्छ लिहिलंय. एसपीआयचा हेडर (फंक्शन आणि स्ट्रक्ट जिथे जाहीर केलेली असतात ती फाइल) उघडा: वाचनाच्या बफरच्या वर्णनात फक्त ‘डीएमए-सेफ मेमरी’. म्हणजे काय, ते तिथे नाही. एसपीआयच्या ओळख करून देणाऱ्या पानावर थोडं जास्त आहे: बफर हीपवरून घ्या, स्टॅकवरचा किंवा स्टॅटिक नको. आमच्या गेलेल्या सहकाऱ्याने हा नियम तंतोतंत पाळला होता! त्याचं अख्खं स्ट्रक्ट हीपवरच होतं. नियम पाळूनही माणूस खड्ड्यात जातो, असं ते वाक्य आहे.

आणि शेजारच्या आयटूसीमध्ये, म्हणजे चिपा जोडायच्या दुसऱ्या बसमध्ये, बरोबर उलटा कायदा. तिथे बफर डीएमए-सेफ असलाच पाहिजे असं नाही. असेल तर तसा फ्लॅग लावून सांगायचं. आमची चिप दोन्ही बसवर चालते. अ‍ॅप्लिकेशन नोट लिहिणाऱ्याने आधी आयटूसीचं उदाहरण लिहिलं आणि एसपीआयसाठी फक्त फंक्शनची नावं बदलली, असा मला दाट संशय आहे. स्ट्रक्ट दोन्हीकडे शब्दशः तेच. आयटूसीवर ते निरुपद्रवी, एसपीआयवर घातक.

टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीला मी वेगळा सेन्सर दिला, म्हटलं ड्रायव्हर लिही, आणि मागे खुर्ची टाकून बसलो. तिने आधी त्याच जातीचा एक जुना ड्रायव्हर शोधला. त्याची कॉपी केली. अडली तिथे एलिक्सिरवर (कर्नलचा कोड चाळायच्या वेबसाइटवर) फंक्शनच्या नावावर क्लिक करून हेडरवर गेली. डॉक्युमेंटेशनची एचटीएमएल पानं तिने उघडलीच नाहीत. मी विचारलं, तर म्हणाली, "सर, तिथे वाचायला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही." तिला आळशी म्हणणारे सीनियर मला माहीत आहेत. तेही असंच करतात, फक्त क्लिक करायला कुणी मागे बसलेलं नसतं.

म्हणून आमच्या घरच्या गाइडमधला मजकूर मी निम्म्याने कापला आणि वर एक पूर्ण चालणारा नमुना ड्रायव्हर ठेवला, बफर शेवटी, अलाइनमेंटसकट, बाजूला कारणाची कॉमेंट. कॉपी करणारच आहेत, तर हा करा.

कर्नलच्या त्या एसपीआय हेडरसाठीही एक पॅच (बदलाचा प्रस्ताव) तयार आहे. तिथल्या दोन चांदण्यांच्या कॉमेंटमधूनच स्फिंक्स हे टूल डॉक्युमेंटेशनची पानं बनवतं; २०१६ साली कर्नल ४.८पासून डॉक्युमेंटेशन त्या पद्धतीवर आलं. म्हणजे हेडरमध्ये लिहिलं की दोन्हीकडे पोचतं. मी आधी तीन वाक्यांत नियम लिहिला होता, आर्म-६४वर सुरक्षिततेसाठी १२८ बाइट धरा या आकड्यासकट. आमच्या सॉफ्टवेअर आर्किटेक्टनी तो खोडला: "एक नियम दोन ठिकाणी लिहिलास की एक जागा शिळी होणार." पुरावाही दिला. २०२३मध्ये, ६.५ कर्नलला, आर्म-६४वरचे छोटे केमॅलॉक (हीपवरून मेमरी मागायचं कर्नलचं फंक्शन) १२८पेक्षा कमी अलाइनमेंटवर देण्याची सोय झाली आणि गरज पडेल तिथे कर्नल स्वतःच बाउन्स बफर (डीएमएला चालणारा मधला तात्पुरता बफर) वापरू लागला. ‘केमॅलॉक म्हणजे १२८ची हमी’ असं लिहिलेली पानं तेव्हाच जुनी झाली.

मुद्दा पटतो. पण नुसती लिंक दिली, तर ती लिंक कोण उघडणार? ती मुलगी उघडणार नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सध्या आकडा काढलाय आणि एक वाक्य ठेवलंय: मोठ्या स्ट्रक्टच्या मधला बफर हीपवर आहे एवढ्यावर डीएमए-सेफ ठरत नाही. त्यापुढे हाउ-टूची लिंक. आर्किटेक्टना हे वाक्यही जास्तच वाटतं. मी ते ठेवूनच पाठवणार आहे.

चिप बनवणाऱ्यांनाही अ‍ॅप्लिकेशन नोटबद्दल लिहिलं. पुढच्या आवृत्तीत बघू, असं उत्तर आलं. पीडीएफ अजून तीच आहे.