कपाटांची कुलपं काढली त्याची गोष्ट

ग्रंथालयाचा चार्ज घेतला तेव्हा माझ्या हातात पहिल्यांदा आला तो किल्ल्यांचा जुडगा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली आमची शाळा, पाचवी ते दहावी. सहा लोखंडी कपाटं आणि सहाही बंद. आधीच्या टीचरनी जाताना कळकळीने सांगितलं होतं, ‘पुस्तक गेलं तर स्टॉक व्हेरिफिकेशनला उत्तर तुला द्यावं लागेल. पगारातून कापतील.’

पहिलं वर्ष मी तसंच काढलं. मुलं टेबलापलीकडे रांगेत उभी राहायची. मी विचारायचे, ‘कसलं पुस्तक हवं?’ उत्तर नाही. पुस्तक डोळ्यांनी पाहिलंच नाही, तर मूल मागणार तरी काय? मग मीच काहीतरी काढून द्यायचे आणि पुढच्या तासाला ते न उघडताच परत यायचं.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचं ‘पुस्तके वापरासाठी आहेत’ हे पहिलं सूत्र मी शिकताना पाठ केलं होतं. १९३१ साली मांडलेलं. त्याचा अर्थ मला त्या रांगेसमोर उमगला.

हेडमास्तरांकडे गेले. त्यांचीही भीती तीच, वसुलीची. केंद्र सरकारच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला ग्रंथालयांचा नियम छापून नेला होता. वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली, तर ते वाजवी धरावं असं त्यात म्हटलंय; मात्र त्यामागे लबाडी किंवा हलगर्जी नसावी. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं, तर चौकशी व्हायलाच हवी. आमच्या शाळेला हा नियम थेट लागू होतो असं मी म्हटलं नाही, पण सरकारही एवढं गृहीत धरतं हे त्यांना पटलं. दोन कपाटं उघडायची परवानगी मिळाली. ज्यांनी धास्ती घातली होती त्यांच्यावर माझा राग नाही. भीतीच तशी बसवलेली असते.

पुढची अडचण मांडणीची. ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार क्रमांक देतात त्या ड्यूई पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. रजिस्टरला हे हवंच, पण सहावीतल्या मुलाला त्यातून काय कळणार? पुस्तकांच्या पाठीवर रंगीत कागद चिकटवले. भुतांच्या गोष्टींना काळा, प्राण्यांच्या गोष्टींना हिरवा, नाटकांना लाल. आमच्या मुलांची घरची भाषा कोकणी, पाचवीपासून शिक्षण इंग्रजीतून. पण लिपी देवनागरीच, त्यामुळे मराठी वाचायची वाट मोकळी असते. फक्त पुस्तक हाताला लागलं पाहिजे.

पावसाळ्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण गोव्यात मुलांपेक्षा जास्त पुस्तकं ओल खाते. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. खालचा खण रिकामा ठेवला. पुस्तकं कोंबली नाहीत, मधून हवा खेळायला हवी. भिजलेलं पुस्तक कडक उन्हात घातलं की पानं वाकडी होतात. म्हणून दर थोड्या पानांमागे कोरा टिपकागद घालून पंख्याखाली उभं ठेवायचं आणि कागद बदलत राहायचं. कसर आणि वाळवीसाठी दर शनिवारी मुलांबरोबर एकेक पुस्तक झटकायचं. या झटकण्यातच कितीतरी मुलं उभ्या-उभ्या वाचायला लागली.

लाल कागद सर्वांत आधी मळले, याचं मला नवल वाटलं नाही. आमच्या गावांत जत्रेला, कालोत्सवाला मराठी नाटक होतंच. आठवीतला एक मुलगा, वर्गात उभं राहून एक ओळ वाचायला सांगितली तरी घाम फुटणारा, त्याने लागोपाठ चार नाटकं नेली. एकदा मधल्या सुट्टीत पाहते तर फणसाखाली तिघं बसलेली. हा बोट ठेवून ओळ वाचतोय आणि दुसरे दोघे ती ठसक्यात म्हणतायत. त्या वर्षीच्या जत्रेत वडिलांच्या नाटकाला विंगेत वही धरून प्रॉम्प्टिंगला तोच उभा होता. मी मुद्दाम गेले होते पाहायला.

वर्षअखेरीस मोजलं. सात पुस्तकं नव्हती. सुट्टीनंतर तीन परत आली, एक आंब्याच्या डागासकट. उरलेली चार नियमाने नोंद करून वजा केली. हेडमास्तरांनी काही न बोलता सही केली, उरलेल्या चार कपाटांचीही कुलपं काढायला लावली आणि किल्ल्या माझ्याकडून मागून घेऊन त्यांच्या खणात टाकल्या.

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या सुट्टीआधी आता प्रत्येकाला दोन पुस्तकं देते. गेल्या खेपेला सातवीतल्या मुलीने एक परत केलं, दुसऱ्याला आणखी आठ दिवस मागितले.

‘टीचर, तें आजी वाचता,’ ती म्हणाली. ‘आनी तिणें सांगलां, फुडल्या वेळार व्हडल्या अक्षरांचें दी म्हूण.’

मोठ्या टायपातली पुस्तकं आता वरच्या खणात वेगळी लावली आहेत. त्यांना पिवळा कागद.