कुकरच्या एक-तारा तक्रारी कशा वाचाव्यात

प्रेशर कुकरवरचे ग्राहकांचे अभिप्राय सलग वाचले, की तक्रारी चार-पाचच असतात हे लक्षात येतं. प्रेशर धरत नाही, शिट्टीतून पाणी उडतं, बुडाला लागतं, आतून काळा पडला, इंडक्शनवर चालत नाही. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ कुकरच्या भांड्यात नसतंच. ते रिंगेत, आचेत किंवा भरण्याच्या मापात असतं. तक्रार खरी असते, निदान चुकलेलं असतं.

'प्रेशर धरत नाही, बाजूने वाफ जाते' ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. इथे आधी गॅसकेट म्हणजे रबरी रिंग पाहायची. उष्णता आणि तेल लागून लागून रबर कडक होतं, आकसतं किंवा सैल पडतं. रिंग बोटांनी दुमडून पाहा. दुमडल्यावर बारीक भेगा दिसल्या किंवा ती पुन्हा गोल व्हायला वेळ लावत असेल, तर तिचं आयुष्य संपलं. रोजच्या वापरात वर्षभराने रिंग बदलावी लागणं हा दोष नव्हे, ती झिजणारीच वस्तू आहे. सैल पडलेली रिंग थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवली तर त्या वेळेपुरतं काम भागतं, पण तेवढंच. नवी रिंग घेताना 'पाच लिटरची द्या' एवढं सांगून भागत नाही. त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, आतल्या झाकणाची की बाहेरच्या, हे सगळं जुळावं लागतं. 'नवी रिंग टाकली तरी गळतो' असं लिहिणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं इथेच बिनसतं.

रिंग ठीक असूनही वाफ बाजूने जात असेल, तर आच तपासा. सुरुवातीला मंद आचेवर ठेवलेल्या कुकरमध्ये वाफ इतकी हळू तयार होते, की रिंग कडेला घट्ट दाबून धरण्याइतका जोरच तिच्यात येत नाही आणि ती फटीतून निसटत राहते. खात्रीसाठी नुसतं दोन कप पाणी घालून, शिट्टी न लावता, मोठ्या आचेवर ठेवायचं. नळीतून वाफेची सरळ धार सुरू झाली की शिट्टी लावायची. आता वाफ कुठून येते ते नीट दिसतं. झाकणाच्या एकाच जागेवरून येत असेल, तर त्या जागी कड चेपलेली असते किंवा रिंगेवर वाळलेला कण चिकटलेला असतो. सगळीकडून येत असेल तर रिंग. दांड्याजवळून येत असेल तर आधी दांड्याचा स्क्रू आवळून पाहा.

शिट्टीतून पाणी उडतं आणि ओटा खराब होतो, या तक्रारीत कुकर बहुधा निर्दोष. भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचं नसतं, आणि कडधान्यासारखं फुगणारं, फेसाळणारं काही असेल तर निम्म्यापर्यंतच. फेस नळीत चढला की तो तिथेच वाळतो आणि पुढच्या वेळी नळी तुंबते. ही गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. प्रत्येक वेळी शिट्टी काढून नळीतून उजेड आरपार दिसतो का ते पाहावं. नळी तुंबली किंवा पाणी आटलं, की सेफ्टी व्हॉल्व्हमधला लवकर वितळणारा धातू वितळतो आणि वाफ तिथून बाहेर पडते. 'महिन्याभरात व्हॉल्व्ह उडाला, भिकार माल' असा अभिप्राय दिसला, तर व्हॉल्व्हने आपलं काम चोख केलं असण्याचीच शक्यता जास्त. त्या जागी त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह बसवायचा; भोक दुसऱ्या कशाने बुजवायचं नाही.

बुडाला लागण्याची तक्रार स्टीलच्या कुकरला जास्त येते. ॲल्युमिनियम स्टेनलेस स्टीलच्या दहापटीहून जास्त वेगाने उष्णता पसरवतं. स्टीलचं बूड पातळ असेल तर ज्योतीवरची जागा तापते आणि बाजू मागे राहते. म्हणूनच चांगल्या स्टील कुकरच्या बुडात ॲल्युमिनियमचा थर असतो. ॲल्युमिनियमच्या कुकरची सवय असलेल्याने स्टीलमध्ये तेवढ्याच शिट्ट्या मोजल्या, तर फसगत ठरलेली. मुळात शिट्ट्या हे मापच कच्चं. आच मोठी असली की त्या भराभर होतात, बारीक केली की रेंगाळतात; पदार्थ शिजतो तो आतल्या तापमानावर आणि मिनिटांवर. बाहेरच्या हवेपेक्षा एक बार (म्हणजे साधारण हवेच्याच दाबाएवढा) जास्त दाब असताना पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळतं. पहिली शिट्टी झाली की आच कमी करून घड्याळ लावा.

ॲल्युमिनियम आतून काळं पडणं हा पाण्यातल्या क्षारांचा परिणाम. लिंबाची फोड टाकून पाणी उकळलं की काळेपणा निघतो. स्टीलवरचे इंद्रधनुषी डाग व्हिनेगरने जातात. पांढरे बारीक खड्डे मात्र जात नाहीत; थंड पाण्यात मीठ टाकून ते तळाशी बसू दिलं की ते पडतात. मीठ पाणी तापल्यावर घालून ढवळावं.

इंडक्शनसाठी बुडाला लोहचुंबक चिकटतो का, एवढंच पाहायचं.

आता परत करण्याजोगे दोष. बाहेरच्या झाकणाचा कुकर असेल, तर आल्या दिवशी भांडं सपाट ओट्यावर पालथं घाला आणि कडेखालून कागद सरकवत फिरवा. एखाद्या जागी तो सहज आत गेला, तर कड वाकडी आहे आणि कुठलीही रिंग ती फट भरून काढणार नाही. सुलटं ठेवल्यावर बूड डगमगतं का ते पाहा. पण महिनोन्महिने वापरून मग डगमगायला लागलं असेल, तर कुकर कधीतरी कोरडा तापून बूड फुगलेलं असतं, आणि ते वॉरंटीत बसवणं कठीण. दांड्यांचे रिव्हेट हलवून बघा, शेवटी पाण्याची चाचणी घ्या, आणि मगच खोकं टाकून द्या.