आजींसमोर विषय काढू नका

आमची बिल्डिंग पाडणार हे मला सोसायटीच्या नोटिशीतून नाही, वॉचमनकडून कळलं. सकाळी दूध घ्यायला खाली गेले तर म्हणाला, "ताई, मग तुम्ही कुठं जाणार?" मी म्हटलं, "कुठं म्हणजे? ऑफिसला."

पुण्यातल्या कर्वेनगरच्या या घरात आम्ही अकरा वर्षं भाड्याने राहतोय. घरमालक काका सज्जन आहेत, कधी नळाच्या वॉशरचेसुद्धा पैसे मागितले नाहीत. पण रिडेव्हलपमेंटमध्ये मालकाला वाढीव जागा, बांधकाम होईस्तोवरचं भाडं, सामान हलवायचा खर्च असं सगळं मिळतं. भाडेकरूला मिळते तारीख. आमची मेअखेर. त्यात ज्यांची घरं पाडतात ते सगळे बिल्डरच्या पैशाने त्याच दोन गल्ल्यांत भाड्याचं घर शोधतात. भाडी अशी चढली की एका रात्री नवरा म्हणाला, "एवढं भाडं भरायचं तर हप्ताच भरू की." या एका वाक्याने आमचे चौदा महिने खाल्ले आहेत.

मुलीच्या जुन्या दोनशेपानी वहीची मागची पानं कोरी होती, तिथे मी घरांची नोंद ठेवायला लागले. आज त्यात बेचाळीस घरं आहेत. पहिल्या दहा घरांच्या नोंदी निबंधासारख्या आहेत: 'हॉलमध्ये सकाळचं ऊन, समोर गुलमोहर, शेजारी गायनाचा क्लास (विचारणे: किती वाजेपर्यंत?)'. तिशीनंतर नुसतं 'नको' आणि तारीख. एका ठिकाणी तारीखही नाही.

आमच्या अटी फार नाहीत असं आम्हाला वाटायचं. नवऱ्याची कंपनी चाकणला. बस पहाटे पाच चाळीसला वारज्याच्या पुलाखाली येते, त्यामुळे तिथून फार लांब नको. माझं कॉलेजचं ऑफिस डेक्कनला. आई (म्हणजे सासूबाई) जिने चढू शकत नाहीत, म्हणून लिफ्ट. मुलगी आठवीत, शाळा बदलायची नाही. आणि पंचाहत्तर लाख. शेवटची अट ऐकली की एजंट फोनवर जरा थांबतो. "मॅडम, थोडं वर जाता येईल का?" वर म्हणजे कुठे, हे कोणी सांगत नाही.

पंचाहत्तरचं घर पंचाहत्तरला पडत नाही, हे कळायलाही दोन महिने लागले. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के. नोंदणीचे तीस हजार. झाले चौऱ्याऐंशी लाख तीस हजार, अजून पार्किंग आणि 'सोसायटी फॉर्मेशन' बोलायचंच आहे. बँक देणार घराच्या किमतीच्या ऐंशी टक्के, म्हणजे साठ लाख. शुल्क-बिल्क सगळं आपल्या खिशातून. साठ लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के: महिना बावन्न हजार एकोणसत्तर. हा आकडा मला माझ्या मोबाइल नंबरपेक्षा पाठ आहे. पहाटे साडेतीनला जाग येते आणि मी अंधारात व्याज अर्धा टक्का वाढवून बघते. त्रेपन्न हजार नऊशे चौऱ्याऐंशी. मग परत साडेआठ करते, जणू तसं केल्याने बँकही करणार आहे. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, "झोपेत दात खाता का?" मी म्हटलं, "कार्पेट एरिया खाते."

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं. म्हणजे आमचे पंचाहत्तर हजार वाचतात. हे मी जेवताना सांगितलं. नवरा म्हणाला, "मग तुझ्याच नावावर घेऊ." आई काही बोलल्या नाहीत, आमटी वाढत राहिल्या. माझ्या वाटीत जरा कमी आली असं मला वाटलं, पण ते माझ्या मनाचे खेळ असतील.

नवीन स्कीम बघायला गेलं की एक एसी ऑफिस असतं, कॉफी असते, थर्मोकोलच्या झाडांचं मॉडेल असतं आणि सॅम्पल फ्लॅट असतो. सॅम्पल फ्लॅटला आतली दारं नसतात. दारं नसली की खोली मोठी दिसते. मी पर्समध्ये टेप ठेवते. एका ठिकाणी मास्टर बेडरूममधला पलंग मोजला तर लांबी सव्वापाच फूट. नवरा पाच फूट दहा. विक्रीवाला मुलगा म्हणाला, "मॅडम, तो डेकोरेटिव्ह आहे." तिथेच सांगताना घर आठशे साठ स्क्वेअर फूट होतं, कागदावरचं रेरा कार्पेट, म्हणजे कायद्याने मोजायची आतली वापरायची जागा, निघालं पाचशे ब्याण्णव. बाकीचं बाल्कनीत, भिंतींत आणि बोलण्यात होतं. वर म्हणतो, आज वीस टक्के भरा, करार दिवाळीनंतर करू. मी म्हटलं, करार नोंदवल्याशिवाय दहाच्या वर घेता येत नाही. त्यानंतर त्याने आम्हाला दुसरी कॉफी विचारली नाही.

पाण्याचं मला वेडच लागलंय. माहेर बार्शीचं, तिथे लहानपणी आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी यायचं. त्यामुळे कुठल्याही घरात गेले की आधी स्वयंपाकघरातला नळ सोडते. धायरीला एका नव्या इमारतीत नळाला मस्त धार होती. "पाणी चोवीस तास," असं सांगण्यात आलं. बाहेर पडलो तर गेटपाशी टँकर उभा. ड्रायव्हरला विचारलं, "रोज येता?" तो म्हणाला, "आत्ता चार फेऱ्या. उन्हाळ्यात मोजत नाही." धायरी, आंबेगाव, उंड्री ही गावं महापालिकेत आली २०१७ साली, नऱ्हे, बावधन बुद्रुक, सूस २०२१ साली. कर लगेच आला. पाणी अजून वाटेत असावं.

उलट एका घरात पाणी जास्त होतं. सिंहगड रोडला, नदीकडच्या बाजूला, आमच्या बजेटमध्ये चक्क तीन बीएचके. आई तर देवघर कुठे ठेवायचं तेही ठरवून मोकळ्या झाल्या. मी जिन्यात उभी होते. पार्किंगच्या भिंतीचा रंग माझ्या खांद्यापर्यंत ताजा होता आणि त्याच्या वर जुना. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत होड्या आल्या, ते सगळं मी फोनवर बघितलं होतं. एजंटला म्हटलं, "हा रंग कधी दिला?" तो म्हणाला, "मेंटेनन्स चांगला आहे मॅडम, नियमित देतात." वहीत 'नको'. आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या.

भोगवटा प्रमाणपत्र (म्हणजे महापालिकेची राहायला परवानगी) नसलेलं एक, बारा लाख रोख मागणारं एक, ही दोन्ही पटकन संपली. मुख्य गोष्ट एकेचाळिसाव्या घराची आहे.

वारज्यात, मुख्य रस्त्यापासून आत, तिसरा मजला, लिफ्ट, २००३ची इमारत, अठ्ठ्याहत्तर सांगताहेत, पंचाहत्तरला होईल. पुलाखालच्या बसपर्यंत चालत अकरा मिनिटं. कन्व्हेयन्स झालेलं (म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर), भोगवटा आहे, महापालिकेचं पाणी. चौदा महिन्यांत पहिल्यांदा सगळ्या रकान्यांत टिक आली. खाली स्कूटर लावताना एजंट हळूच म्हणाला, "ताई, एक आहे. वर आजी आहेत. त्यांच्यासमोर विषय काढू नका. तुम्ही याच बिल्डिंगमध्ये भाड्याने बघताय, आतली रचना बघायला आलात, असं सांगायचं. दादा बंगळुरूला असतात, ते बोलतील त्यांच्याशी सावकाश."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने चपला आधीच काढायला घेतल्या होत्या.

आजी पंच्याहत्तरीच्या पुढच्या, काठी नुसती हातात धरायला. "या, या. भाड्याने बघताय होय? चहा घेणार ना?" नको म्हणायच्या आत गॅस पेटला. मग त्यांनीच आम्हाला घर दाखवलं. एवढं नीट कोणत्याही एजंटने दाखवलेलं नाही. पश्चिमेची खिडकी पावसाळ्यात डाव्या कोपऱ्यातून गळते, तिथे पत्र्याची पट्टी लावून घ्या. न्हाणीघरातला गिझर बंद केल्याशिवाय मिक्सर लावू नका, ट्रिप होतं. समोरच्यांचा कुत्रा फक्त कुरिअरवाल्यावर भुंकतो. मी सवयीने स्वयंपाकघरातला नळ सोडला, तर म्हणाल्या, "सकाळी सहा ते साडेनऊ जोरात असतं बघ. बाई नळ बघते म्हणजे संसारी आहे."

चहाबरोबर त्यांनी चकलीचा डबा काढला. "पण भाड्याने कशाला राहता गं? आत्ता हातपाय चालताहेत तोवर स्वतःचं घ्या. आमच्या ह्यांनी फंडाचे सगळे पैसे यात घातले, साडेसात लाख. लोक हसले, वारज्याला कुठे जाताय म्हणाले, रात्री रिक्षावाले यायचे नाहीत. पण आज मला कोणी ऊठ म्हणू शकत नाही."

एजंट बाल्कनीत जाऊन फोनवर बोलायला लागला. फोन वाजलेला मी तरी ऐकला नव्हता.

मी चकली हातात धरून बसले होते. खाल्ली तर त्यात सामील झाल्यासारखं वाटेल आणि नाही खाल्ली तर आजींना वाईट वाटेल. नवऱ्याने तीन खाल्ल्या.

तरीही मी कागद वकीलबाईंकडे नेले, हे मला इथे कबूल केलं पाहिजे. एवढं वाटत होतं तर न्यायला नको होते. पण पाच हजार फी भरली, सर्च रिपोर्ट काढला. चार दिवसांनी त्या म्हणाल्या, "टायटल एकदम क्लिअर. वडील २०१८ ला गेले, २०१९ मध्ये आईंनी मुलाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलंय. सही, अंगठा, फोटो, सगळं आहे." त्या फोटोत आजी कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघताहेत, बहुधा मुलगा उभा असेल तिकडे.

त्या रात्री आमचं भांडण झालं. नवरा म्हणाला, "आपण नाही घेतलं तर दुसरं कोणी घेईल. त्यांच्या घरातला प्रश्न आपण का अंगावर घ्यायचा? मुलगा त्यांना घेऊनच जाणार असेल बंगळुरूला. मेअखेर तुझ्या लक्षात आहे ना?" प्रत्येक वाक्य बरोबर होतं. माझ्याकडे उत्तर म्हणून फक्त चकली होती. मी म्हटलं, "मुलाने आईला सांगू दे, मग टोकन देऊ." नवऱ्याने एजंटला तसं कळवलं. उत्तर आलं, "दादा म्हणतात आधी टोकन, मग आईला सांगतो. पार्टी पक्की नसेल तर उगाच तिला त्रास कशाला."

हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. त्या मुलाचंही काही चुकत नसेल. लांब राहून म्हातारी आई सांभाळणं मी केलेलं नाही. पण तो आमची वाट बघणार आणि आम्ही त्याची, आणि मधे आजी सहा ते साडेनऊ पाणी भरणार.

सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं नव्हतं, पण भिंती पातळ आहेत. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना खाली मान घालून म्हणाल्या, "घर तुझ्या एकटीच्या नावावर घ्या. पंचाहत्तर हजार कमी नसतात." आणि जरा वेळाने, "माझी खोली मात्र पूर्वेची बघ."

काल एजंटचा मेसेज आला: 'वारजे ३रा मजला अजून आहे, दोन लाख कमी होतील.' निळ्या टिका गेल्यात, उत्तर दिलेलं नाही. नवऱ्यालाही आला असणार, तोही काही बोललेला नाही.

रविवारी नऱ्ह्यात दोन घरं बघायची आहेत आणि शिवण्यात एक. शिवण्याच्या घरात सध्या कोणी राहत नाही. हे मी पाण्याच्याही आधी विचारून घेतलं.